नव्या फोनची रेंज : दुरुस्तीच्या टेबलावरील निदान

तालुक्याच्या गावी मोबाइल दुरुस्तीचे काम करणाऱ्याकडे ज्या तक्रारी येतात, त्यांपैकी फुटलेली काच, फुगलेली बॅटरी किंवा पाण्यात पडलेला फोन यांचे निदान डोळ्यांनी होते. परंतु 'फोन नवा आहे आणि तरीही घरात रेंज येत नाही' ही तक्रार डोळ्यांना दिसत नाही, आणि ज्या घरात ती उद्भवते ते घर दुकानात आणता येत नाही. पोलादपूर, मंडणगड, संगमेश्वर, लांजा यांसारख्या डोंगराळ तालुक्यांत ही तक्रार विशेष आढळते, कारण बाजारपेठेच्या गावी टॉवर जवळ असतो आणि वाड्या मात्र डोंगराच्या कुशीत, टॉवरच्या नजरेआड वसलेल्या असतात. काउंटरवर ठेवताच त्याच फोनात पूर्ण काड्या दिसू लागतात, ग्राहक ओशाळतो, आणि दुरुस्ती करणारा 'फोनमध्ये काही दोष नाही' असे सांगून मोकळा होतो. हे उत्तर बहुधा खरे असते. पण ते निदान नव्हे, कारण ग्राहक घरी गेल्यावर त्याची अडचण तशीच राहते आणि आठवड्याभरात तोच फोन पुन्हा टेबलावर येतो.

या गोंधळाचे पहिले मूळ पडद्याच्या कोपऱ्यातील काड्यांत आहे. किती शक्तीच्या संदेशाला किती काड्या दाखवायच्या याचे कोणतेही सर्वमान्य प्रमाण नाही. प्रत्येक उत्पादक आपापले सूत्र ठरवतो, आणि तेच सूत्र सॉफ्टवेअर बदलल्यावर बदलूही शकते. याचे सर्वांत गाजलेले उदाहरण जून 2010 मध्ये बाजारात आलेल्या आयफोन 4 चे आहे. त्या फोनचा अँटेना बाहेरच्या पोलादी पट्टीतच बसवलेला होता आणि डाव्या हाताने खालचा कोपरा झाकला की काड्या झरझर उतरत. कंपनीने जुलैमध्ये जाहीर पत्र काढून कबूल केले की काड्या मोजण्याचे सूत्रच चुकीचे होते व जेथे दोन दाखवायच्या तेथे कधीकधी चार दाखवल्या जात होत्या; त्यानंतर सॉफ्टवेअर बदलले गेले आणि ग्राहकांना कडेचे रबरी आवरण मोफत देण्यात आले. पत्रातील खुलासा खरा होता, पण अर्धाच होता, कारण हाताने अँटेना झाकला जातो हीसुद्धा वस्तुस्थिती होती. दुरुस्तीच्या व्यवसायात या प्रकरणाचा उपयोग एवढाच, की एका कंपनीच्या तीन काड्या आणि दुसऱ्या कंपनीच्या तीन काड्या यांची तुलना करून जुना फोन चांगला व नवा वाईट ठरवणे निराधार आहे, हे ग्राहकाला पटवता येते.

काड्यांऐवजी जो आकडा पाहावा लागतो तो डीबीएम या एककात असतो. एक मिलिवॉट शक्तीला शून्य मानून केलेली ही मोजणी आहे. फोनपर्यंत पोहोचणारी शक्ती मिलिवॉटच्या अब्जांशाच्या आसपास किंवा त्याहूनही कितीतरी कमी असल्यामुळे आकडा नेहमी उणे येतो, आणि उणे चिन्हानंतरचा आकडा जितका मोठा तितका संदेश क्षीण असतो. ही मोजणी गुणोत्तराची असल्याने तीन एककांचा फरक म्हणजे शक्ती निम्मी होणे आणि दहाचा फरक म्हणजे ती एक दशांश होणे. अनेक अँड्रॉइड फोनांत सेटिंगमधील 'फोनविषयी' या भागात सिमच्या स्थितीखाली हा आकडा मिळतो, काहींत *#*#4636#*#* हा क्रमांक फिरवून मिळतो, तर आयफोनमध्ये *3001#12345#* फिरवल्यास चाचणीचा पडदा उघडतो. 4जी वर उणे 85 च्या आसपास संदेश उत्तम मानावा, उणे 105 पर्यंत काम भागते, आणि उणे 115 च्या पलीकडे घराच्या आत बोलणे तुटू लागते, असे साधारण गणित व्यवहारात उपयोगी पडते.

मात्र आकडा वाचायला शिकलेले कारागीरही एका ठिकाणी हमखास फसतात. जुना कीपॅडचा फोन 2जी वर उणे 80 दाखवतो आणि नवा स्मार्टफोन त्याच ओटीवर 4जी वर उणे 108 दाखवतो, तेव्हा नव्या फोनचा अँटेना निकामी आहे असा निष्कर्ष तत्काळ निघतो. प्रत्यक्षात हे दोन आकडे एकाच वस्तूचे मोजमाप नाहीत. 2जी चा आकडा संपूर्ण वाहिनीची एकूण शक्ती सांगतो, तर 4जी चा आकडा हा शेकडो अरुंद उपवाहिन्यांपैकी एका उपवाहिनीवरील संदर्भ-संदेशाची शक्ती असतो, म्हणजे एका बाजूला सबंध भजनी मंडळाचा आवाज मोजलेला असतो आणि दुसऱ्या बाजूला त्याच मंडळातील एका टाळकऱ्याचा. वीस मेगाहर्ट्‌झ रुंदीच्या 4जी वाहिनीत अशा 1200 उपवाहिन्या असतात आणि केवळ या विभागणीमुळे आकड्यात सुमारे 31 डेसिबलचा फरक पडतो. तेव्हा वरच्या उदाहरणातील नवा फोन जुन्यापेक्षा कमी ऐकतो असे म्हणण्यास काहीच आधार उरत नाही. ही गोष्ट ठाऊक नसल्यामुळे किती निर्दोष फोन उघडले गेले असतील, याचा विचार व्यवसायात असणाऱ्यांनी करण्यासारखा आहे, कारण नवा फोन एकदा उघडला की हमी जाते आणि पाण्यापासून संरक्षण करणारा चिकट थरही पूर्ववत बसत नाही.

कीपॅडच्या फोनबद्दल ग्राहकांचा जो अनुभव असतो तो मात्र खोटा नसतो. 900 मेगाहर्ट्‌झवर चालणाऱ्या 2जी फोनला बोलताना दोन वॉटपर्यंतच्या झटक्यांनी संदेश पाठवण्याची मुभा असते, तर सर्वसाधारण 4जी फोनची कमाल प्रक्षेपणशक्ती 200 मिलिवॉट, म्हणजे त्याच्या एक दशांश असते. 4जी चे तंत्र या तुटपुंज्या शक्तीतही अधिक माहिती वाहून नेते हे खरे असले, तरी खोऱ्याच्या टोकावरील घरातून फक्त बोलण्यापुरता प्रश्न असेल, तर जुना फोन जिंकतो आणि त्यात नवलही नाही. शिवाय स्वयंचलित निवडीवर ठेवलेला स्मार्टफोन जवळचे भक्कम 2जी सोडून दूरचे अशक्त 4जी किंवा 5जी धरून बसतो. अशा घरात नेटवर्कची पसंती हाताने एक पायरी खाली आणली की तक्रार त्याच क्षणी मिटल्याचे दिसते. अर्थात 2जी शिल्लक असलेल्या कंपनीच्या सिमलाच हा उपाय लागू पडतो. सप्टेंबर 2016 मध्ये सुरू झालेल्या जिओच्या जाळ्यात 2जी किंवा 3जी मुळातच नव्हते, त्यामुळे तेथे बोलणेही 4जी वरूनच होते आणि त्यासाठी फोनमध्ये व्होल्टी, म्हणजे 4जी च्या माहितीवाहिनीतून आवाज नेण्याची सोय, चालू असावी लागते. ही सोय फोनमध्ये असणे पुरेसे नसते. त्या विशिष्ट कंपनीसाठी ती उत्पादकाने खुली केलेली असावी लागते. रत्नागिरी व रायगड जिल्ह्यांतील कित्येक घरांतील कर्ते पुरुष आखातात असल्यामुळे तिकडून आणलेले महागडे फोन येथील दुकानांत वरचेवर येतात, आणि 'नेट चालते पण फोन लागत नाही' अशी त्यांची तक्रार असल्यास प्रथम व्होल्टीच तपासावी, हे अनुभवाने ठरून गेलेले आहे.

याच्याही आधीचा प्रश्न लहरपट्ट्यांचा, म्हणजे ज्या वारंवारतांवर टॉवर आणि फोन एकमेकांशी बोलतात त्या ठरावीक पट्ट्यांचा आहे. भारतात 4जी साठी 850, 900, 1800, 2100, 2300 आणि 2500 मेगाहर्ट्‌झचे पट्टे वापरात आले. 700 चा पट्टा त्यांत उशिरा आला आणि 5जी साठी त्याबरोबर 3300 मेगाहर्ट्‌झपासून वरचा पट्टा आला. कमी वारंवारतेची लहर डोंगराच्या धारेवरून अधिक वळते आणि भिंतीतून अधिक आत शिरते. जास्त वारंवारतेची लहर माहिती पुष्कळ नेते, पण आडोसा आला की थांबते. म्हणून बाजारपेठेत 2300 किंवा 3300 वर सुसाट चालणारा फोन वाडीत गेल्यावर सर्वस्वी 700, 850 किंवा 900 च्या पट्ट्यावर अवलंबून राहतो, आणि नेमका तोच पट्टा त्या फोनात नसेल तर फोन कितीही नवा असला तरी तो तेथे मुका असतो. भारत संचार निगमचे 4जी 700 आणि 2100 मेगाहर्ट्‌झवर उभे राहिले, तेव्हा 700 चा पट्टा नसलेले फोन घेतलेल्या ग्राहकांना टॉवर समोर दिसत असूनही 4जी मिळेना. त्यात भर म्हणजे अनेकांकडील सिम 2जी-3जी च्या काळातले, कात्रीने किंवा कटरने कापून लहान केलेले होते आणि ते बदलून घेतल्याशिवाय 4जी ची नोंदणीच होणार नव्हती. दूरसंचाराच्या हिशेबात मुंबई हे वेगळे परिमंडळ आहे आणि उर्वरित महाराष्ट्र गोव्यासह दुसरे, आणि कोणत्या परिमंडळात कोणत्या कंपनीकडे कोणता पट्टा आहे हे लिलावांनुसार ठरत आलेले आहे. मुंबईत दादरला नीट चालणारा फोन गावी आल्यावर 'बिघडला' असे चाकरमानी सांगतात, तेव्हा पुष्कळदा बिघाड नसून परिमंडळ आणि पट्टा बदललेला असतो. फोनच्या खोक्यावर कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल ठळक अक्षरांत छापले जातात, पण लहरपट्ट्यांची यादी असलीच तर भिंगाने वाचावी लागते. फोन ज्या गोष्टीमुळे फोन ठरतो तीच विक्रीच्या वेळी उच्चारली जात नाही, ही या धंद्याची मोठी विसंगती आहे.

आता खरोखरच्या दोषांकडे वळता येईल. पडद्यावरील काड्या आणि आकडाही फक्त फोनला काय ऐकू येते तेवढेच सांगतात; फोनचे टॉवरला ऐकू जाते की नाही हे त्यांतून कळत नाही. टॉवर काही दशक वॉट शक्तीने बोलतो आणि फोन एक पंचमांश वॉटने, त्यामुळे सीमेवरील घरांत ऐकणे चालू असते आणि बोलणे पोहोचत नाही. हीच लक्षणे फोनच्या आतील दोषामुळेही दिसतात. बहुतेक अँड्रॉइड फोनांत मुख्य अँटेना खालच्या बाजूला, चार्जिंगच्या छोट्या बोर्डाजवळ असतो, वरच्या बाजूला दुसरा, केवळ ऐकण्यास मदत करणारा अँटेना असतो, आणि खालचा अँटेना मुख्य बोर्डाला दोऱ्यासारख्या बारीक समाक्ष तारेने जोडलेला असतो. पडदा किंवा चार्जिंगचा बोर्ड बदलताना ही तार नीट टिचकीने बसली नाही, किंवा पाठीच्या पट्टीला टेकणारी इवलीशी स्प्रिंग वाकली, तर वरच्या अँटेनाच्या जोरावर काड्या दिसत राहतात. पण फोन लावला की 'कॉल अयशस्वी' असा संदेश येतो, आणि नेट भलत्याच कूर्मगतीने चालते. कोऱ्या फोनात हा दोष क्वचित आढळतो. 'नवा' म्हणून घेतलेल्या फोनात तो आढळला, तर तो फोन आधी कोणीतरी उघडलेला आहे असा संशय घेण्यास पुरेशी जागा असते, आणि कडेच्या स्क्रूंच्या डोक्यांवरील ओरखडे बहुधा त्या संशयाला दुजोरा देतात. याच्या पुढचा, म्हणजे संदेशाची शक्ती वाढवणाऱ्या चिपचा बिघाड अधिक गंभीर असतो. त्यात एखाद्याच पट्ट्यावर फोन मुका होतो आणि बाकीच्यांवर ठणठणीत चालतो, म्हणून प्रत्येक पट्टा वेगळा तपासल्याशिवाय तो सापडत नाही.

अशा दोषांचा निवाडा करण्याची एकच भरवशाची पद्धत कामातून तयार झालेली आहे, आणि ती म्हणजे तुलना : तेच सिम, तीच जागा, तीच वेळ, तोच लहरपट्टा आणि फोन मात्र दोन. यांपैकी एकही अट ढिली झाली की निष्कर्ष कोसळतो. जागेची अट तर अक्षरशः वितीत मोजावी लागते, कारण 1800 मेगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी सुमारे 17 सेंटिमीटर असते आणि भिंतींवरून परतणाऱ्या लहरी एकमेकींत मिसळल्यामुळे तिच्या निम्म्या अंतरावर, म्हणजे साधारण आठ सेंटिमीटरवर संदेश चढतो किंवा बुडतो. कोकणातील घरांत खिडकीच्या चौकटीवर किंवा पडवीच्या खांबाला 'फोनची जागा' ठरलेली असते आणि तेथून तो हलवला की रेंज जाते. शहरी पाहुण्यांना ही अंधश्रद्धा वाटते, पण तिच्यामागे शुद्ध पदार्थविज्ञान आहे. फोनवर हाताची पकड, धातूची पट्टी असलेले किंवा लोहचुंबकाने मिटणारे कव्हर, गाडीतील लोखंडी पकड यांचाही असाच परिणाम होतो, म्हणून तपासणीपूर्वी कव्हर काढणे हा नियमच करावा. पडद्यावर लावलेल्या टफन काचेचा मात्र रेंजशी संबंध नाही, आणि पाठीमागे चिकटवायच्या ज्या चमकदार 'बूस्टर' चकत्या जत्रेत विकल्या जातात त्यांचा उपयोग विकणाऱ्यालाच होतो.

ऋतूंचा भाग वेगळा. पावसाने रेंज जाते हा सार्वत्रिक समज अर्धवट बरोबर आहे, कारण मोबाइलच्या लहरींना पावसाचे थेंब फारसे अडवत नाहीत. परंतु भिजलेली दाट झाडी आणि पाणी प्यालेली जांभ्याची भिंत त्यांना अडवते, एका टॉवरहून दुसऱ्याकडे माहिती नेणारे उच्च वारंवारतेचे दुवे मुसळधार पावसात खरोखरच क्षीण होतात, आणि वीज गेल्यावर टॉवरच्या बॅटऱ्या काही तासांत संपतात. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा, मंडणगड, दापोली या भागांत वीज आणि मोबाइल दोन्ही कित्येक दिवस नव्हते. गणेशोत्सवातील तक्रार याच्या नेमकी उलट असते : काड्या पूर्ण, आकडा उत्तम, आणि तरीही चित्रफीत हलत नाही. मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांमुळे एकेका टॉवरवर नेहमीच्या कितीतरी पट फोन लोटतात आणि शक्ती भरपूर असूनही वाटणीला येणारी जागा उरत नाही. त्या दिवसांत फोन तपासणेच व्यर्थ असते. अनंत चतुर्दशीनंतर तो आपोआप दुरुस्त होतो.

बॅटरीची तक्रारही याच प्रश्नाचे दुसरे रूप आहे, आणि ती ओळखू न आल्यामुळे चांगल्या बॅटऱ्या फुकट बदलल्या जातात. क्षीण संदेशाच्या ठिकाणी फोन आपले प्रक्षेपण कमाल शक्तीवर नेतो आणि सतत नवा टॉवर शोधत राहतो. त्यामुळे तो खिशात पडल्या पडल्या तापतो व दुपारपर्यंत रिकामा होतो. ज्यांचे कामच फोनवर आहे त्यांना याचा फटका अधिक बसतो. गावोगाव फिरणाऱ्या आशा सेविका, पोषण ट्रॅकर ॲपमध्ये नोंदी भरणाऱ्या अंगणवाडी सेविका, ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणीसाठी बांधावर उभे राहून पिकाचे छायाचित्र काढणारे शेतकरी, या सर्वांची कामे अशा जागी होतात जेथे टॉवर बांधण्याचे गणित कोणत्याही कंपनीने मांडलेले नसते. 2021 मध्येच महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले निकृष्ट फोन निषेध म्हणून परत केले, ते योग्यच होते; पण रेंजच्या प्रश्नापुरते बोलायचे, तर फोन चांगला देऊनही नोंद पोहोचली नसती अशा वाड्या पुष्कळ होत्या. अशा ठिकाणी ॲपने नोंद फोनमध्येच साठवून रेंज आल्यावर पाठवणे हाच खरा उपाय ठरतो. देशातील 24,680 वंचित गावांत 4जी पोहोचवण्याची 26,316 कोटी रुपयांची योजना केंद्रीय मंत्रिमंडळाने जुलै 2022 मध्ये मंजूर केली, यावरून ही उणीव फोनची नसून जाळ्याची आहे हे सरकारनेच मान्य केले असे म्हणता येईल.

ज्या घरात इंटरनेटची तार पोहोचलेली आहे तेथे वाय-फायवरून फोन लावण्याची सोय सर्वांत स्वस्त पडते. 2019 च्या अखेरीपासून ती भारतात मिळू लागली, सिमचा नेहमीचाच क्रमांक वापरता येतो आणि सेटिंगमधील एक बटण चालू करावे लागते. ती सोय फोनमध्ये असूनही बंद राहिलेली असते, हे दुकानात रोजच दिसते. छपरावर बसवायचे रिपीटर यंत्र मात्र कोणाच्या सांगण्यावरून घेऊ नये : परवान्याशिवाय ते बसवणे बेकायदेशीर आहे, आणि त्याच्या गोंगाटाने शेजारच्या सर्वांची रेंज बिघडते.

नवा फोन घेणाऱ्याने दुकानदाराकडून एवढेच काढून घ्यावे, की आपल्या वाडीजवळचा टॉवर ज्या लहरपट्ट्यावर चालतो तो या फोनात आहे काय आणि आपल्या कंपनीसाठी व्होल्टी त्यात खुली आहे काय. टॉवर कोठे आहे व त्यावर कोणते तंत्रज्ञान आहे हे सरकारच्या 'तरंग संचार' या संकेतस्थळावर पाहता येते, आणि ऑक्टोबर 2024 पासून लागू झालेल्या दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या नियमांनुसार प्रत्येक कंपनीने आपल्या व्याप्तीचा नकाशा प्रसिद्ध करणे बंधनकारक आहे. दुकानदाराला उत्तर ठाऊक नसेल, तर आपले सिम शेजाऱ्याकडील त्याच नमुन्याच्या फोनात घालून घरातच एकदा फोन लावून पाहावा आणि मगच पैसे द्यावेत.